फादर डेमियन यांची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० जानेवारीला कुष्ठरोगावरच्या ग्रामसभांत फादर डेमियन यांचे नाव निघते. ‘महारोग्यांना शिवले म्हणून त्यांनाही रोग झाला’, इथे गोष्ट संपते आणि ऐकणारा ‘रुग्णाला शिवू नये’ असा नेमका उलटा धडा घेऊन घरी जातो.

हवाईच्या राजवटीने १८६५ च्या कायद्याने रुग्णांना मोलोकाई बेटावर नेऊन टाकायला सुरुवात केली. बेल्जियमचे धर्मगुरू डेमियन तिथे १० मे १८७३ ला पोचले. जखमा धुणे, घरे बांधणे, नळाने पाणी आणणे, शवपेट्या ठोकणे, सगळे त्यांनी केले. रुग्णांच्या ताटात जेवले. डिसेंबर १८८४ मध्ये कढत पाण्यात पाय घातले. फोड आले, पण चटका कळला नाही. १५ एप्रिल १८८९ ला ते वारले. २००९ मध्ये ते संत घोषित झाले.

रोग दिसायला अकरा वर्षे लागली, आणि तेव्हा औषधच नव्हते. रुग्णांची सेवा करणाऱ्या नन मदर मॅरिआन कोप १८८८ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१८ पर्यंत, त्याच बेटावर राबल्या; हात धुण्याबाबत फार कडक. त्यांना रोग झाला नाही. हे कुणी सांगत नाही!

सांगायचे तर ते कढत पाणी सांगा. आपल्याकडे चुलीवरून भांडे उतरवताना बोट भाजते आणि फोड दिसल्यावरच कळते, ती हीच बधिरपणाची, म्हणजे कुष्ठरोगाची खूण. फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर आधी चांगल्या कातडीवर पेनाचे टोक हलके टेकवून दाखवा. मग डोळे मिटायला लावून चट्ट्यावर टेकवा आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आले नाही, तर तो चट्टा बधिर आहे असे समजा. ‘लागते का?’ असे विचारू नका. माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. गडबड होते ती मध्येच. महिन्याच्या डोसनंतर लघवी लाल होते, कातडी काळवंडते, चट्टा तर जागचा हलत नाही; मग पाकीट फळीवर पडून राहते. लाल लघवी त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे, काळेपणा क्लोफाझिमिन या औषधामुळे. गोळ्या संपल्यावर तो हळूहळू उतरतो. चट्टा मात्र पुष्कळदा जंतू मेल्यावरही राहतो. कोपराजवळची शीर दुखू लागली किंवा करंगळी वाकू लागली, तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा; उशीर झाला की वाकलेली बोटे सरळ होणे कठीण.

आपले,
कुष्ठरोग कामातील काही निवृत्त कर्मचारी,
वर्धा जिल्हा