पटेलदादा, ढोरांचं निमित्त पुरे झालं

आदरणीय पटेलदादा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुम्ही मराठी बोलत नाही, पण समजतं सगळं. होळकरांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला ते न समजून कसं चालेल? तरी एखादा शब्द अडलाच तर नातीला विचारा. आणि चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. तुम्ही स्वतःबद्दल कुणाला काही सांगत नाही, म्हणून कुणाला काही कळत नाही. मग मीच सांगते.

काल गव्हाची पोती घरी आली. निवडायला ताट पुढ्यात घेतलं आणि हात चालेना. गहू नेहमीसारखाच होता, गळाच भरून आला होता. म्हटलं, हे आधी लिहून टाकू.

बाबा गेल्यावर कंपेलच्या रस्त्याची ती जमीन म्हणजे आमच्या घरातला न संपणारा विषय झाला होता. पुण्याचा भाऊ म्हणे विकून टाक. शेजारचे म्हणत फार्महाउस बांधा, पोहण्याचा तलाव केलात तर लग्नाआधीचे फोटो काढायला लोक रांग लावतील. दलाल तर इतक्या मायेनं फोन करत की वाटावं माझी तब्येतच विचारताहेत. पिपल्याहाना, निपानिया, बिचोली मर्दाना ही माझ्या लहानपणी इंदूरबाहेरची गावं होती हो. आता ती फ्लॅटच्या जाहिरातींत सापडतात.

जमीन राखायची म्हटल्यावर मदतीला कोण कोण आलं ते ऐकण्यासारखं आहे. आधीच्या बटाईदारानं, म्हणजे हिश्शानं शेत कसणाऱ्यानं, नरवाई (कापणीनंतरची धसकटं) पेटवून दिली, बांधावरचा कडुनिंब अर्धा होरपळला, आणि हिशेबाच्या वेळी गडी फोन उचलेना. एका संस्थेची मंडळी बॅनर घेऊन आली, ऐन सोयाबीनमध्ये खड्डे खणून रोपं लावली, फोटो काढले, आणि पुढे त्या रोपांना तांब्याभर पाणी घालायलाही कुणी फिरकलं नाही. शेतात मलबा टाकून जाणाऱ्यांची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेले, तर तिथल्या साहेबांनी मला उभीच ठेवून सल्ला दिला, की शेती झेपत नसेल तर वेळीच काय तो निर्णय घ्या. नावं लिहीत नाही. ज्यांची त्यांना कळतील.

तुम्ही शेजारच्या शेतातून बांध ओलांडून आलात. भाव विचारला नाहीत. “जीजी, अबके कंई बोणो हे?” एवढंच विचारलंत. यंदा काय पेरायचं, हे बाबांनंतर मला कुणीच विचारलं नव्हतं. पुढे हिस्सा किती ठरला, कागद कसे झाले, ते इथे सांगत बसत नाही. ज्यांना त्यात रस आहे ते दलालांकडून सगळं समजून घेतातच.

मला सांगायचंय ते तगारीबद्दल, म्हणजे तुमच्या त्या घमेल्याबद्दल.

आमच्या रामबाग मोहल्ल्यातल्या मुलांना शेतावर आणू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही जरा गप्प झालात. मला वाटलं, पोरं धुडगूस घालतील याची काळजी असेल. सोयाबीन निघालं होतं, गव्हासाठी जमीन तयार होत होती. विहिरीकडचा एक पट्टा मुलांनी हातानं पेरायचा, असं ठरलं. त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. विहिरीच्या कठड्याशी तगारी ठेवलेली होती, काचांनी काठोकाठ भरलेली. बाटल्यांचे तळ, हिरव्या-तपकिरी कपच्या, ट्यूबलाइटचं एक टोक, फरशीचे धारदार तुकडे. बायपासकडून येऊन बांधावर बैठक मारणाऱ्या मंडळींची ती शिल्लक.

आपली काळी माती कशी आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. वर पडलेली वस्तू त्या भेगेतून खाली जाते आणि खालची कधीतरी नांगराबरोबर वर येते. त्यामुळे काच एकदा वेचली आणि संपली असं होत नाही. तुम्ही आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा उजाडता उजाडता तो सगळा पट्टा पालथा घातला होतात, वाकून, एकेक कपची वेचत. हे तुमच्या भाच्याकडून कळलं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ढोरांच्या पायालाही लागतं. दादा, त्या पट्ट्यात ढोरं जात नाहीत. मला माहीत आहे.

मग मुलं आली. त्यांच्या आया बूट काढू देईनात. कुणी सॅनिटायझर काढला, कुणी विंचवाचं विचारलं. तुम्ही स्वतःच्या चपला बांधावर काढल्यात आणि अनवाणी त्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आलात. बोलला काहीच नाहीत. मग एकेक बूट निघायला लागला.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ भाषणं ऐकली, काही स्वतःही ठोकली. जमीन आपली आई आहे, मुलांना मातीशी जोडलं पाहिजे, वगैरे. एकाही वक्त्यानं मुलांना माती दाखवण्याआधी ती वाकून तपासल्याचं मला आठवत नाही. आता तर चांगुलपणाचेही फ्लेक्स लागतात, त्यावर सौजन्य म्हणून कुणाकुणाचे चेहरे असतात. त्या गर्दीत कुणी बघत नसताना काच वेचणारी माणसं अजून आहेत, म्हणून आपलं बरं चाललंय. इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत राहिलं याचा मला मनापासून अभिमान आहे, घरचा ओला-सुका कचरा वेगळा करताना माझा हात चुकत नाही. पण शहराच्या कडेला बांधावर काय साठतं, ते तुमची तगारी सांगते.

त्याच पट्ट्याशेजारी तुम्ही ढीग लावलात. सोयाबीनचं भूस, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, चुलीची राख, असे थर. मुलांनी नाकं धरली, पण तो उलथायची पाळी आली तेव्हा फावड्यावरून भांडणं झाली. मला राहवलं नाही, मास्तरीण जागी झाली. सांगितलं त्यांना, की या खताला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे पिकांची संशोधन संस्था उभी केली, आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथे. पिकाचा टाकाऊ पाला-काडी शेण-मुताबरोबर रचून, वेळोवेळी उलथून, तीन महिन्यांत खत कसं करायचं ते त्यांनी 1931 च्या पुस्तकात मांडलं, आणि त्या पुस्तकावर त्यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. इंदुरातल्या किती मराठी घरांना हे ठाऊक असेल? 1935 मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इथे आले, तेव्हा हे खत बघायला मुद्दाम गेले होते. शेतकरी आणि पिकावरच्या किडी हेच आपले शेतीचे प्राध्यापक, असं हॉवर्डसाहेबांनी लिहून ठेवलंय. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, आमचे बाप हेच करायचे, फक्त उलथायचे कमी. साहेब असते तर त्यांनी हे वाक्य वहीत टिपून घेतलं असतं.

बाकी शेतात तुम्ही लोकवन गहू पेरलात आणि मुलांच्या पट्ट्यात कठिया गहू. पाणी कमी लागतं आणि बाफले, आपले माळव्यातले कणकेचे गोळे, याचेच चांगले होतात, हे तुमचं कारण. मार्चमध्ये बाकीच्या शेतात हार्वेस्टर फिरला, पट्टा मात्र विळ्यानं कापला. एका आठ वर्षांच्या मुलानं तर आपली ओळ दुसऱ्या कुणाला कापूच दिली नाही. त्यानं तिथे पेरताना खडू पुरून खूण केली होती म्हणे. खडू कुठला सापडतोय, आपल्या मातीनं तो केव्हाच गिळला होता. पण ओळ आपलीच याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि तुम्हीही त्याला पाठिंबा दिलात.

कापणीला भाऊ पुण्याहून आला होता. विकायचा विषय संपलाय असं मी म्हणणार नाही, तो दिवाळीला पुन्हा निघेल. पण त्या दिवशी त्यानं ओंब्या हातावर चोळून दाणे खाल्ले, बाबांसारखंच तोंड केलं, आणि रात्री जेवतानाही जमिनीचा भाव काढला नाही. घरात किती दिवसांनी नुसतं जेवण झालं, त्याबद्दलही आभार.

आता जूनचं. चार इंच पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, हे तुमचं वाक्य मुलांनी पाठ केलंय. दोघातिघांनी तर गच्चीवर सरळ भिंतीचे डबे मांडायचं ठरवलंय, पट्टीनं पाऊस मोजायला. त्यांचे फोन आले तर वैतागू नका. दुसरं, या खेपेला काच वेचायला आदल्या दिवशी मुलांच्या आया आणि मी येणार आहोत. तीच सॅनिटायझरवाली मंडळी, त्यांनीच ठरवलंय. तुम्ही फक्त दोन-तीन तगाऱ्या जास्तीच्या ठेवा, आणि ढोरांचं निमित्त सांगून आधीच सगळं उरकून बसू नका.

पाचव्या पोत्याचे पैसे तुम्ही घेतले नव्हते. ते मी तुमच्या भाच्याकडे दिले आहेत. परत पाठवू नका.

तुमची,
रामबागेतली जीजी
इंदूर