बगळ्यांचा ‘एकोपा’

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला पक्ष्यांच्या वसाहतींवरचा लेख वाचला. भाषा गोड आहे, वाद नाही. पण पक्षी एकोप्याने नांदतात, माणसाने त्यांच्याकडून शिकावं वगैरे वाचून हसू आलं. लेखकसाहेबांनी विणीच्या दिवसांत अशा झाडाखाली तासभर उभं राहून बघावं, येताना छत्री आणावी.

आमच्या गल्लीच्या तोंडाला रेन ट्री होता, खोड अजून आहे. पाऊस लागला की गायबगळे यायचे, पन्नासेक घरटी तरी असतील, आणि भांडणं म्हणाल तर नळावर नसतील एवढी. शेजाऱ्याची काडी पळवायची, तो ओरडत आला की दुसऱ्याने त्याची पळवायची. अंडी एका दिवशी फुटत नाहीत त्यामुळे थोरली पिल्लं धाकट्याला टोचून टोचून उपाशी मारतात, आईबाप शेजारी बसून बघतात. हा एकोपा!

मग एकत्र का, तर परवडतं म्हणून. घार आली की कुणीतरी बघतोच, आणि सगळ्यांची अंडी-पिल्लं एकदमच असली की कावळे खाऊन खाऊन किती खाणार. त्यातही कडेचं घरटं आधी जातं म्हणून मधल्या जागेला मारामारी. समुद्रपक्ष्यांत तर शंभरात नव्वदहून जास्त जाती वसाहतीनेच घरटी करतात, शत्रू पोचणार नाही अशी बेटं आणि कडे मोजकेच, करणार काय. 1973 मध्ये वॉर्ड आणि झहावी या पक्षी-अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, की उपाशी पक्षी पोटभर खाऊन आलेल्याच्या मागोमाग जातो. आपण नाही का, गर्दी कुठल्या मिसळीला आहे बघून आत घुसतो, तसंच. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, पण लेखात निदान यायला तरी हवं होतं.

तीन वर्षांमागे श्रावणात, ऐन पिल्लं असताना, गाडीवर घाण पडते म्हणून गल्लीतल्याच एकाने माणसं लावून सगळ्या फांद्या उतरवल्या. मी आंब्याच्या पेटीत सात पिल्लं गोळा केली. एकाने माझ्या शर्टवर अर्धवट पचलेले नाकतोडे ओकले, घाबरली की ओकतात ती. संध्याकाळपर्यंत दोन राहिली, रात्री एक, सकाळी पेटी रिकामी केली. झाड एकच, त्यामुळे एका करवतीत पन्नास संसार गेले, एकत्र राहण्याचा हा तोटा तुमच्या लेखात एका ओळीनेही नाही. बगळे त्यानंतर आले नाहीत.

आणि फोटोखाली ‘करकोचा’ लिहिलंय तो गायबगळा आहे हो, डोक्यावरचा नारिंगी रंग एवढा ठसठशीत दिसतोय! तपासतं कोण हे? शब्दकोड्याचं उत्तरही दोन रविवार झाले छापत नाही, ते वेगळंच.

पत्र लिहायचं खरं कारण सांगू का? आज सकाळी चहाच्या टपरीवर तोच फांद्या उतरवणारा गृहस्थ मला पुरवणी दाखवत म्हणतो, “काका, वाचलासा का, लई भारी लिवलंय बघा बगळ्यांवर.” चहा तसाच ठेवून घरी आलो.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर