मुलीस पत्र : संदेश कोण पाठवणार?

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजच्या सुरक्षा समितीत विद्यार्थ्यांच्या वतीने तुला घेतलं, याचा मला फार आनंद झाला. पहिल्या बैठकीत भोंगे आणि कॅमेरे किती लावायचे यावरच वेळ गेला, असं तू म्हणालीस. तेही लागतंच. पण पुढच्या बैठकीत तू एवढंच विचार : रात्री दोन वाजता वसतिगृहात आग लागली, तर सगळ्यांना संदेश पाठवायचा अधिकार कोणाला आहे? आणि त्याला आधी कुणाची परवानगी घ्यावी लागते का?

हे मी उगाच विचारत नाही. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात पहिला गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ई-मेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात वर्ग चालू असलेल्या इमारतीत गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी ३२ जणांचा बळी गेला. विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून इशारा पाठवण्याची सोयच नव्हती. मजकुराचा निर्णय वरच्या अधिकाऱ्यांच्या गटाकडे होता. आणि त्या ई-मेलमध्ये होतं काय? गोळीबाराची एक घटना घडली आहे, सावध राहा, संशयास्पद काही दिसलं तर कळवा. हल्लेखोर मोकळा आहे, हे त्यात नव्हतं. ते वाचून आपण वर्गात जायचं की खोलीतच थांबायचं, हे मुलांनी कसं ठरवायचं? पुढच्याच वर्षी तिथला कायदा बदलला : धोक्याची खात्री झाली की विनाविलंब कळवायचं.

म्हणून रात्रपाळीच्या सुरक्षा रक्षकाला किंवा वॉर्डनला, जो जागेवर असेल त्याला, तयार मजकूर पाठवायचा हक्क लेखी मिळाला पाहिजे. खोटा इशारा गेला तर त्याला फाडून खाणार नाही, हेही लिहून घ्या. नाहीतर माणूस बटणावर बोट ठेवून साहेबांच्या फोनची वाट पाहत बसेल.

आता मजकूर. आमच्या कंट्रोल रूममध्ये फोन उचलला की आम्ही आधी ठिकाण विचारतो. इशाऱ्यातही ते हवंच, शिवाय काय झालं आणि तू आता काय कर, हेही. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. मी बसून एक जमवला : ‘रसायन प्रयोगशाळेत आग. जिन्याने बाहेर पडा, मैदानावर जा. लिफ्ट नको.’ शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं भरली. ‘सर्वांनी सतर्क राहावे’ हे वाक्य मला कुठेही दिसता कामा नये. त्यातून माणसाला काहीच कळत नाही, आणि मग तो शेजाऱ्याला विचारायला जातो, ग्रुपवर विचारतो, खिडकीतून डोकावतो. नेमक्या सूचनेने हा वेळ वाचतो.

तरी एसएमएसवरच विसंबू नका. एका वेळी हजारोंना पाठवले की काही उशिरा पोचतात. परीक्षेच्या हॉलबाहेर फोन काढून ठेवलेले असतात, तिथे पर्यवेक्षकाला कोण सांगणार? ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्या खोलीत चमकणारा दिवा हवा. बाहेरगावच्या मुलांना कळेल अशा दुसऱ्या भाषेतही मजकूर तयार असू दे. हे त्या मुलांनाच बैठकीला बोलावून विचारा. आपण घरबसल्या अंदाज करू नये.

सराव मात्र न सांगता एकदा रात्री घ्या, म्हणजे कुठला दरवाजा कुलूपबंद आहे ते कळेल. वॉर्डनला आणि अग्निशमन दलाला तेवढी आधी कल्पना द्या.

धोका टळल्याचा संदेशही त्याच मार्गांनी गेला पाहिजे, हे मसुद्यात राहून जातं. मसुदा झाला की मला पाठव, मी रात्रपाळीला वाचून काढीन. आणि तुझ्या खोलीपासून जिन्यापर्यंत दारं किती, ते आज अंधारात चालून मोजून मला कळव.

तुझी,
आई