डेंग्यूचा आकडा उतरला, पण कशामुळे?

संपादक महोदय,

पावसाळ्यात ठाणे आणि नवी मुंबईतले डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस) आकडे आपल्या पानावर येतात. 'रुग्णसंख्येत घट' असा मथळा देण्याआधी चाचण्या किती झाल्या, हे विचारायला हवे.

रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला रुग्ण सरकारी व्याख्येनुसार डेंग्यूचा निश्चित रुग्ण नसतो. त्यासाठी एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्तचाचणी लागते. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचे प्रथिन) शोधणारी, त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडे) शोधणारी. खासगी दवाखान्यातून रक्ताचा नमुना पुढे गेलाच नाही, तर तो रुग्ण 'निश्चित' रकान्यात कधीच येत नाही. त्यामुळे साथ ओसरली तरी आकडा उतरतो आणि एलायझाचे किट संपले तरी उतरतो.

दुसरी गळती पत्त्याची. विटावा ठाणे महापालिकेत, त्याला लागून असलेला दिघा नवी मुंबईत. केसपेपरवर नुसते 'बेलापूर रोड' लिहिले, तर रुग्ण कोणाचा यावर दोन पालिकांत पत्रव्यवहार होतो. आधार कार्डावरचा गावचा पत्ता उतरवला तर रुग्ण थेट जिल्ह्याबाहेरच जातो! डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू तयार व्हायला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. घर शोधण्यातच आठवडा गेला, तर तिथली पिंपे आणि कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करायला कर्मचारी पोहोचेपर्यंत डास पुढच्याला चावलेले असतात. सध्या राहता तो पत्ता, जवळची खूण, पिनकोड आणि चालू मोबाइल नंबर एवढे केसपेपरवर असले तरी पुरे. एकात्मिक रोग सर्वेक्षणाचे एस (लक्षणांवरून), पी (डॉक्टरांच्या निदानावरून) आणि एल (प्रयोगशाळेच्या अहवालावरून) अर्ज आता ऑनलाइन भरले जातात. पण पत्ताच चुकीचा भरला, तर संगणक तरी काय करणार?

मृत्यूंचा हिशेब याहून अवघड. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. ठाणे पालिकेतल्या दिव्याचा रुग्ण मुंबईत शीवच्या रुग्णालयात दगावला तर नोंद मुंबईची, आजार मात्र दिव्याचा. दोन्हीकडच्या याद्या जुळवल्याशिवाय ठाण्याचा आकडा खरा होत नाही. अशा जुळवणीतूनच १६ जून २०२० रोजी राज्याने कोविडचे आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम दाखवले. त्यातले ८६२ मुंबईचे होते. ते त्या एका दिवसाचे मृत्यू नव्हते.

त्यात पुन्हा कारणाचे प्रमाणपत्र. रुग्णालयातल्या मृत्यूसाठीच्या नमुना ४ मध्ये वरच्या ओळीत तात्कालिक कारण आणि सर्वांत खाली मूळ आजार लिहायचा असतो. म्हणजे वर 'फुप्फुसांतील रक्तस्राव', खाली 'लेप्टोस्पायरोसिस', आणि मधुमेहासारखा जोडीचा आजार असेल तर तो दुसऱ्या भागात. प्रत्यक्षात बऱ्याचदा 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' एवढेच असते. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. त्यातून लेप्टो कुठे सापडणार? जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्यावी आणि खालची ओळ कोरी असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारावे.

पालिकांनी दर आठवड्याला प्रभागनिहाय तक्ता द्यावा. त्यात तपासलेले नमुने, निश्चित रुग्ण आणि मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या समितीपुढे प्रलंबित संशयित मृत्यू वेगवेगळे असावेत. रुग्ण लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने मोजावेत, आणि अहवाल मागून येत असल्याने शेवटच्या दोन आठवड्यांवर 'अपूर्ण' असा शेरा असावा. आपणही तो शेरा छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कळवा (ठाणे)