रिस्क-फाइव्हसाठी जिट लिहायला घेतलंस म्हणून

पुणे

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या स्क्रिप्टिंग भाषेच्या इंटरप्रिटरला रिस्क-फाइव्ह या खुल्या इन्स्ट्रक्शन सेटच्या प्रोसेसरसाठी जिट, म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता त्याचं मशीन कोडमध्ये भाषांतर करणारा भाग, जोडायचं काम तू अंगावर घेतलंस, हे वाचून फार आनंद झाला. ‘एआरएमचा बॅकएंड (त्या प्रोसेसरसाठी मशीन कोड काढणारा भाग) तयार आहे, त्यावर बेतलं की झालं’ असं तुला तिथे कुणीतरी सांगितलंय, ते मात्र मनावर घेऊ नकोस. इन्स्ट्रक्शनची नावं बदलणं हा यातला सर्वांत सोपा भाग. दुसरे प्रोसेसर जी कामं न सांगता करून देतात, ती हा जिथे करत नाही, तिथे खरी मेहनत आहे. त्याच जागा लिहून कळवतो.

पहिली जागा कॉन्स्टंटची, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या ठरलेल्या आकड्यांची. इन्स्ट्रक्शनच ३२ बिटांची, त्यामुळे तिच्या पोटात ३२ बिटांचा आकडा मावत नाही. ‘एलयूआय’ वरचे २० बिट भरते आणि ‘ॲडआय’ खालचे १२ मिळवते. पण हे १२ बिट चिन्हासकट धरले जातात, म्हणजे −२०४८ ते २०४७ एवढंच त्यात बसतं. समज, रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ७००० हवेत. ४०९६ भरून वर २९०४ मिळवावे म्हटलं, तर २९०४ बसतच नाहीत. मग ८१९२ भरायचे आणि ११९२ वजा करायचे. दुकानात मोठी नोट देऊन सुटे परत घेतो तसं. कोडमध्ये हे सोपं आहे: वरचा भाग काढण्याआधी आकड्यात २०४८ मिळवून घ्यायचे.

इथवर सगळेच येतात. पुढची खाच ६४ बिटी मशीनवर आहे. २१४७४८३६४७ घे, ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा धन पूर्णांक. वरच्या नियमाने त्याचा वरचा भाग एकाने वाढतो आणि थेट चिन्हाच्या बिटात जाऊन बसतो. ‘एलयूआय’ त्याला ऋण समजून ६४ बिटांपर्यंत ताणते, त्यातून ‘ॲडआय’ एक वजा करते, आणि हातात येतात −२१४७४८३६४९. ‘ॲडआय’च्या जागी ‘ॲडआयडब्ल्यू’ टाकलीस की बेरीज ३२ बिटांत होऊन मग ताणली जाते आणि उत्तर बरोबर येतं. हा आकडा कमाल मर्यादा म्हणून कितीतरी प्रोग्रॅममध्ये असतो. तुझ्या पहिल्या चाचणीत तो असायलाच हवा.

दुसरी गोष्ट, इथे फ्लॅगच, म्हणजे मागच्या गणिताचा निकाल टिपणारे बिटच, नाहीत. इंटेल-एएमडीच्या एक्स८६ वर बेरजेनंतर ओव्हरफ्लो झाला का, म्हणजे उत्तर ठरलेल्या बिटांबाहेर गेलं का, हे फ्लॅग बघून एका जंपमध्ये कळतं. इथे तीच बेरीज दोनदा करायची, एकदा ६४ बिटी ‘ॲड’ने आणि एकदा ३२ बिटी ‘ॲडडब्ल्यू’ने. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर ओव्हरफ्लो. किमती रजिस्टरमध्ये चिन्हासकट ताणून ठेवलेल्या हव्यात, एवढीच अट. एक इन्स्ट्रक्शन जास्त पडते खरी, पण मला हीच पद्धत जास्त आवडते. मधल्या कुठल्या इन्स्ट्रक्शनने फ्लॅग पुसला का, ही धास्ती राहत नाही. भागाकाराचंही तसंच. शून्याने भागलं तर एक्स८६ चा पूर्णांकी भागाकार ट्रॅप देतो, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच अडवतो. इथे चिन्हासकट भागाकार मुकाट −१ देतो. तुमच्या भाषेत तिथे एरर यायला हवी, म्हणून शून्याची तपासणी जिटनेच घालायची.

आता सर्वांत महत्त्वाचं. जिट मेमरीत इन्स्ट्रक्शन लिहितो, म्हणजे प्रोसेसरच्या दृष्टीने तो साधा डेटा लिहितो. एक्स८६ तो डेटा आणि इन्स्ट्रक्शन कॅश (इन्स्ट्रक्शन हाताशी ठेवणारी प्रोसेसरची झटपट मेमरी) यांचा मेळ स्वतः घालतं. रिस्क-फाइव्ह घालेलच असं नाही. नुकताच लिहिलेला कोड दिसावा म्हणून ‘फेन्स-डॉट-आय’ चालवावी लागते, आणि तीही ज्या कोअरवर चालली त्या कोअरपुरतीच. लिनक्सने तुझा थ्रेड पुढच्याच क्षणी दुसऱ्या कोअरवर नेला, तर तिथे त्या पत्त्यावरचा जुनाच कोड चालू शकतो. म्हणून ती इन्स्ट्रक्शन स्वतः टाकू नकोस. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांमध्ये ‘क्लिअर कॅश’चं बिल्टइन, म्हणजे तयार फंक्शन, आहे, ते लिनक्सवर कर्नलकडून सगळ्या कोअरची व्यवस्था लावून घेतं. पानावर लिहून झालं की ते बिल्टइन आणि पान एक्झिक्युटेबल करणं, ही दोन्ही कामं एकाच फंक्शनमध्ये ठेव. दुसऱ्या कुठल्या वाटेने कोड बाहेर पडताच कामा नये.

आणि हे क्यूईएमयूवर, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, कधीच पकडलं जाणार नाही! क्यूईएमयू स्वतःच एक जिट आहे. भाषांतर केलेल्या कोडच्या पानावर कुणी लिहिलं की ते आपलं जुनं भाषांतर टाकून देतं, त्यामुळे तिथे सगळं छान चालतं. चार कोअरचा खरा बोर्ड हाताशी हवाच.

जंपचं थोडक्यात: कंडिशनल ब्रँच ४ केबीपलीकडे पोचत नाही, ‘जाल’ ही बिनअटी जंप १ एमबीपर्यंत. पुढचा पत्ता माहीत नसेल तर सुरुवातीला उलटी अट आणि ‘जाल’ अशी लांब जोडीच टाक. आखूड नंतर करता येते.

वाचायचंच असेल तर लिनक्स कर्नलमधला बीपीएफचा, म्हणजे कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सोयीचा, जिट वाच. रिस्क-फाइव्हसाठी तो २०१९ मध्ये, ५.१ आवृत्तीत आला, आणि दोन बैठकांत वाचून होण्याइतका आटोपशीर आहे. जावाचा रिस्क-फाइव्ह पोर्ट जेडीके १९ मध्ये, २०२२ साली आला. तो अफाट आहे, त्यात आत्ता शिरू नकोस. रजिस्टर ॲलोकेशनच्याही, म्हणजे कुठली किंमत कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायची ते ठरवण्याच्याही, मागे लागू नकोस. इंटरप्रिटरच्या प्रत्येक बाइटकोडला (त्याच्या आतल्या एकेका आज्ञेला) ठरलेला इन्स्ट्रक्शनचा गठ्ठा, एवढ्यावर आधी सगळी भाषा चालू दे. प्रत्येक चाचणी इंटरप्रिटर आणि जिट दोघांकडून चालवून उत्तरं ताडून बघ, आणि फरक पडला तर इंटरप्रिटरचं खरं मान.

हे काम मला इतकं जवळचं का वाटतं, तेही सांगतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा, हे दोन्ही भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर उभे आहेत. इन्स्ट्रक्शन सेट खुला आहे, त्याला लायसन्स फी नाही, म्हणून हे आपल्याकडे करता आलं. पण चिप तयार झाली आणि तिच्यावर भाषा रखडत चालल्या, तर शिकणारी मुलं तिच्याकडे वळणार नाहीत. तू लिहिशील तो बॅकएंड त्या मुलांच्याही उपयोगी पडेल.

कॉन्स्टंट भरणारं फंक्शन लिहून झालं की आधी तेवढंच पाठव. मी इथल्या बोर्डवर −२०४९, −२०४८, २०४७, २०४८ आणि वरचा तो मोठा आकडा चालवून बघतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अन्या