२० नॅनोमीटर म्हणता, पण मोजले कसे?

मा. संपादक साहेब,

ऑक्टोबर छाटणी उरकली की दिंडोरीला आमच्या मामांची फवारणीची धावपळ सुरू होते, यंदा दुकानदाराने द्राक्षावरच्या डावणी या बुरशीच्या रोगासाठी म्हणून त्यांच्या गळ्यात नॅनो सिल्व्हरची, म्हणजे चांदीच्या अतिबारीक कणांची, बाटली मारली. लेबलवर ठळक छापलंय, कण २० नॅनोमीटर. मी नाशिकच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला आहे म्हणून मामा बाटली घेऊन थेट माझ्याकडे, "अरे बघ बरं तुझ्या मशीनमध्ये, एवढे पैसे मोजलेत मी."

कणांचा साइज मोजणाऱ्या लेझरवाल्या मशीनने रीडिंग दिलं ४८० नॅनोमीटर. मामा भडकलेच, फसवलं म्हणाले. पण मला पटेना, कारण हे मशीन कणांवरून विखुरलेला प्रकाश बघतं आणि इतक्या बारीक कणांमध्ये तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो, म्हणजे १० पट मोठा एक कण १० लाख बारक्या कणांएवढा चमकतो, मग कण एकमेकांना चिकटून झालेले थोडेसे गोळे असले तरी बारके झाकले जातात. म्हणून तेच सँपल सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब गरागरा फिरवून मोठे कण बुडाला बसवणाऱ्या मशीनमध्ये, १० मिनिटं फिरवलं. ट्यूबच्या बुडाला करडा थर बसला, अगदी नखाएवढा, वरचं पिवळसर पाणी ड्रॉपरने अलगद काढून पुन्हा लावलं तर रीडिंग ६०! बाटली तीच, दुपारही तीच.

माझं म्हणणं हेच आहे की कण आधी वेगळे करा, मग मोजा. पावसाळ्यात गोदावरीचं गढूळ पाणी ग्लासात धरून बघा, १० मायक्रॉनचा (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) मातीचा कण १० सेंटिमीटर खाली यायला साधारण २० मिनिटं घेतो, १ मायक्रॉनचा दीड दिवसाच्या आसपास, त्याहून बारीक असले की आपणहून बसायची वाटच बघायला नको. तिथे सेंट्रिफ्यूज लागतो, स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वेडबर्ग यांनी अतिवेगाने फिरणारा अल्ट्रासेंट्रिफ्यूज काढला तो यासाठीच, १९२६ चं नोबेल त्यांना कोलॉइडच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अशा बारीक कणांच्या, कामासाठीच मिळालं. कण वेगळे करायची दुसरी पद्धत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिडिंग्ज यांनी १९६६ मध्ये मांडली, ती मला फार आवडते. गोदाघाटावर उभं राहिलं की दिसतं, मधलं पाणी पळतं आणि काठाचं रेंगाळतं, तसंच एका केसासारख्या अरुंद फटीतून पाणी सोडायचं आणि आडव्या प्रवाहाने कण भिंतीकडे ढकलायचे, बारके कण जास्त थरथरतात म्हणून मधल्या धारेत येऊन आधी बाहेर पडतात, मोठे मागून. मग प्रत्येक साइजचा हिस्सा वेगळा मोजता येतो.

लेबल खोटंच आहे असं मी म्हणत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकेक कण मोजून २० आलंही असेल. पण ४८० च्या एका भरीव गोळ्यात २० च्या जवळजवळ १४ हजार कणांएवढी चांदी असते हो! म्हणजे शेतकऱ्याने पैसे दिलेली चांदी बुडाच्या थरात किती आणि बारीक कणांत किती, हे त्या एका आकड्यावरून कळणारच नाही. म्हणून कंपन्यांनी कोणत्या पद्धतीने मोजलं आणि वजनाने किती टक्के माल त्या साइजचा आहे हे दोन्ही छापलं पाहिजे, आणि सरकारने ते सक्तीचं करावं. द्राक्षाच्या एवढ्या मोठ्या जिल्ह्यात शेतकऱ्याला परवडेल अशा फीमध्ये ही तपासणी करून देणारी एक तरी सोय व्हावी, आमच्यासारख्या लॅबमध्ये साधा सेंट्रिफ्यूज आहे पण त्या पुढचं काही नाही.

मामांची अर्धी बाटली माझ्याकडे नीट सील करून ठेवली आहे, कृषी खात्याला तपासायची असेल तर मी स्वतः आणून देईन.

– एक लॅब असिस्टंट, नाशिक