एडिटिंगच्या संगणकासाठी कर्ज कशाला?

महोदय,

आमच्या गावच्या देवळात जत्रेला होणारं उत्सवी नाटक मी गेली नऊ वर्षं चित्रित करून एडिट करतो. चतुर्थीनंतर शेजारचा मुलगा एडिटिंगच्या संगणकाचं सव्वा लाखाचं कोटेशन घेऊन माझ्याकडे आला. वडील सोसायटीत कर्जासाठी अर्ज करणार होते. काम काय, तर बारशी, मुंजी आणि वाड्यावरचे धालो, म्हणजे बायकांची लोकनृत्यं! एवढ्यासाठी घर कर्जात घालू नये, हे कळकळीने सांगायला हे पत्र.

माझा संगणक दहा वर्षांचा आहे. जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क घातली, आठ जीबीची रॅम (संगणकाची कामचलाऊ स्मृती) सोळा केली. साडेसहा हजारांत काम झालं. तरीही मोबाइलवरचं फोर-के, म्हणजे फुल एचडीहून कितीतरी बारीक तपशिलाचं चित्रण अडखळायचंच. पेटीचा सूर पुढे जायचा आणि नांदीला उभे राहिलेले नट जागच्या जागी थिजलेले. मोबाइल जागा वाचवायला चित्रण फार दाबून साठवतो, ते उलगडताना जुन्या प्रोसेसरची दमछाक होते. यावर उपाय प्रॉक्सीचा. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची, शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ, मूळ फाइलींवरून होतो. केडेनलाइव्ह या एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी लावून झोपतो, सकाळी कट हवा त्याच फ्रेमवर बसतो. फेसबुक-यूट्यूबवरच टाकायचं असेल तर मुळात फुल एचडीत चित्रण केलं तरी पुरे.

पन्नास-साठ हजार हाताशी असतील त्यांनी सोळा जीबी रॅम, एसएसडी आणि बेताचं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक घ्यावा. त्यावर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चालते. लाखाच्या वरचं यंत्र रोज तीन-चार कॅमेऱ्यांची लग्नं करणाऱ्यालाच परवडतं.

उरलेल्या पैशांतून यूपीएस (वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी) आणि दोन बाहेरच्या डिस्क आधी घ्याव्यात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या नाटकाची माझ्याकडे एकच प्रत होती. ती डिस्क बंद पडली. त्या नाटकात पेटीवर बसलेले आमचे मास्तर पुढच्या वर्षी गेले, त्यांचं दुसरं चित्रण गावात कुणाकडेच नाही. नाट्यमंडळांनी निदान यंदापासून प्रत्येक प्रयोगाच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सत्तरी